श्वास पूर्ण मिनिट मोजावा: वॉर्डातील परिचारिकेचे निर्णय सुरक्षित कसे होतात

रात्रपाळीला आलेली परिचारिका ओव्हर घेते, म्हणजे जाणाऱ्या पाळीकडून रुग्णांची माहिती समजून घेते, तेव्हा अनेक सरकारी वॉर्डांत तिच्या वाट्याला तीस-चाळीस रुग्ण येतात. त्यांतील बहुतेकांची रात्र सुरळीत जाणार असते. एखाद्याची जाणार नसते. तो एखादा कोण, हे वेळेत ओळखणे हा तिच्या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे. औषधे डॉक्टर लिहून देतात, शस्त्रक्रिया कधी करायची हे डॉक्टरांचे पथक, म्हणजे युनिट, ठरवते, मग परिचारिका निर्णय तरी कसले घेते, असा प्रश्न नातेवाइकांनाच नव्हे तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींनाही पडतो. खरे पाहता ती पाळीभर निर्णयच घेत असते: आधी कोणत्या खाटेकडे जायचे, हाती आलेला आकडा खरा मानायचा की पुन्हा मोजायचा, लिहिलेला डोस आत्ता द्यायचा की विचारून द्यायचा, आणि डॉक्टरांना आत्ता बोलवायचे की सकाळच्या राऊंडपर्यंत थांबायचे.

या निर्णयांचे मोल किती, हे १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. रुग्णालयातच हृदयक्रिया बंद पडलेल्या ६४ रुग्णांची कागदपत्रे संशोधकांनी तपासली, तेव्हा त्यांपैकी ८४ टक्के रुग्णांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत प्रकृती ढासळल्याच्या किंवा नव्या तक्रारीच्या नोंदी सापडल्या. नोंदी होत्या, याचा अर्थ कोणीतरी ते पाहिले होते आणि लिहिलेही होते. पाहणे आणि त्यावर काही करणे यांच्यामधला दुवा तुटला होता. सुरक्षित निर्णयाची चर्चा या तुटलेल्या दुव्यापासून सुरू व्हायला हवी, असे मला वाटते.

शरीर कसे ढासळते ते थोडे समजून घेतले पाहिजे. संसर्ग रक्तात पसरू लागला, आत कुठे रक्तस्राव सुरू झाला किंवा फुप्फुसे नीट काम करेनाशी झाली, की पेशींना प्राणवायू कमी पडतो. प्राणवायूविना ऊर्जा मिळवण्याच्या धडपडीत पेशी आम्ल तयार करतात आणि रक्तातील आम्लता वाढते. मेंदूतील श्वसनकेंद्राला ती लगेच जाणवते. श्वास वेगाने घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला की आम्लता काहीशी सावरते, म्हणून श्वासाची गती वाढते. त्याच वेळी हृदय जलद चालते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. रक्तदाब घसरतो तो ही सगळी धडपड अपुरी पडल्यावर. म्हणूनच 'बीपी नॉर्मल आहे' या शब्दांवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. बीपी नॉर्मल असलेल्या रुग्णाचा श्वास मिनिटाला चोवीस झाला असेल, तर तो बीपी शरीराने कष्टाने सांभाळलेला असू शकतो.

आणि नेमका हा श्वासच वॉर्डात सर्वांत कमी मोजला जातो. बीपीला यंत्र आहे, सॅच्युरेशनला, म्हणजे रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणाला, बोटावर लावायची चिमटी आहे, तापाला थर्मामीटर आहे. श्वास मात्र घड्याळाकडे आणि छातीकडे पाहत माणसालाच मोजावा लागतो. शिकत असताना एका वॉर्डात मला टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीच्या कागदावर, एकाखाली एक असे अठरा, वीस, अठरा, वीस लिहिलेले दिसत, आणि घाईच्या एका संध्याकाळी मीही तसेच लिहिले. आमच्या परिसेविकांनी, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख परिचारिकांनी, तो कागद हातात घेतला, मला एका आजोबांच्या खाटेपाशी नेले आणि म्हणाल्या, "मनगट धर, नाडी बघते आहेस असं वाटू दे, आणि पोटाकडे बघ." त्या मिनिटात आजोबांनी अठ्ठावीस श्वास घेतले. चार्टवर मी वीस लिहिले होते. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर तो आकडा एका रेघेने खोडला, शेजारी अठ्ठावीस लिहून सही केली आणि डॉक्टरांना फोन लावला. तेव्हापासून श्वास मोजल्याशिवाय मी चार्टवर हात ठेवलेला नाही.

मनगट धरण्यामागे कारण आहे. आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणूस नकळत श्वासाची लय बदलतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवयही वाईट, कारण त्यात एका श्वासाची चूक चार श्वासांची होते आणि अनियमित लय तर लक्षातच येत नाही. पूर्ण मिनिट थांबले की आकड्यापलीकडचेही बरेच दिसते: रुग्ण वाक्य पूर्ण करू शकतो की दोन शब्दांनी थांबतो, नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ओढले जातात का, कपाळावर गार घाम आहे का.

मोजलेल्या आकड्यांचे करायचे काय, यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये 'नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर' ही पद्धत आणली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. ती ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत वापरली जाते आणि इतर देशांतील रुग्णालयांनीही ती किंवा तिच्यासारखी पद्धत स्वीकारली आहे. श्वासाची गती, सॅच्युरेशन, प्राणवायू लावलेला आहे की नाही, वरचा रक्तदाब, नाडी, रुग्ण कितपत शुद्धीवर आहे आणि ताप या सात गोष्टींना शून्य ते तीन गुण दिले जातात. नेहमीच्या पट्ट्यात असेल तर शून्य, जितके दूर तितके गुण जास्त. बेरीज एक ते चार असेल तर किमान चार ते सहा तासांनी पुन्हा मोजायचे. पाच किंवा सहा झाली तर डॉक्टरांनी तातडीने रुग्ण पाहायचा आणि मोजमाप किमान तासातासाला करायचे. सात किंवा अधिक म्हणजे आणीबाणी. एखाद्याच गोष्टीला तीन गुण मिळाले तरी बेरजेची वाट न पाहता तासाला मोजमाप सुरू करायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. सोळा वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांना ही मोजपट्टी लागू नाही. त्यांचे शरीर वेगळ्या रीतीने ढासळते आणि त्यांच्यासाठी वेगळ्या मोजपट्ट्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. साठ किलो वजनाचा, अठ्ठावन्न वर्षांचा रुग्ण आहे; आतड्याचा खराब भाग काढून उरलेली टोके जोडल्याला आज चौथा दिवस. संध्याकाळी सहाला सगळे ठीक होते, बेरीज शून्य. रात्री दहाला नाडी १०४, वरचा रक्तदाब ११२, प्राणवायू न लावता सॅच्युरेशन ९५, ताप १००.८ फॅरनहाइट, रुग्ण शुद्धीवर, आणि श्वास मिनिटाला २२. यातला एकही आकडा पाहून कोणी धावत सुटणार नाही. गुण मात्र असे पडतात: श्वासाला दोन, सॅच्युरेशनला एक, नाडीला एक, तापाला एक, म्हणजे एकूण पाच. डॉक्टरांना तातडीने बोलवायचे. आता हाच श्वास न मोजता अंदाजाने वीस लिहिला असे धरा. वीसला शून्य गुण आहेत. बेरीज तीन होते आणि नियमाप्रमाणे पुढची तपासणी रात्री दोन वाजता किंवा त्याहून उशिरा होते. आतड्याचा जोड गळू लागला असेल तर ते चार तास फार मोठे असतात. न मोजलेल्या दोन श्वासांनी संपूर्ण निर्णयच फिरवला, आणि कागदावर सगळे नियमानुसार झाल्याचे दिसत राहिले.

तरीही बेरीज हा शेवटचा शब्द नव्हे. बीटा-ब्लॉकर गटातील, म्हणजे हृदयाची गती मंद ठेवणारी, गोळी घेणाऱ्या हृदयरुग्णाची नाडी संकटातही फारशी वाढत नाही. वृद्धांना गंभीर संसर्गात ताप येण्याऐवजी अंग गार पडू शकते. प्राणवायू लावलेल्या रुग्णाचे सॅच्युरेशन चांगले दिसत असताना श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो, विशेषतः मॉर्फिनसारखे तीव्र वेदनाशामक औषध चालू असेल तर. तिथे मिनिटाला आठ श्वास हे अठ्ठावीस श्वासांइतकेच गंभीर आहेत. बोटे गार असली किंवा नखांना गडद रंग असला तर चिमटीचा आकडाही फसवतो. लघवीचे प्रमाण तर या सात गोष्टींत नाहीच, पण युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रोज रिकामी करणाऱ्या परिचारिकेला ते सर्वांआधी दिसते. किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर हा ढोबळ हिशेब धरला, तर साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलिलिटर लघवी व्हायला हवी. २०१७ च्या आवृत्तीत एक मोलाची भर पडली: रुग्णाला नव्याने भ्रम होऊ लागला तर तेवढ्यालाच तीन गुण. 'म्हातारपण आहे, रात्री बडबडतात' असे म्हणून कितीतरी रुग्णांचा नवा भ्रम नजरेआड केला जातो, म्हणून ही भर मला फार महत्त्वाची वाटते.

आकडे नीट मोजले तरी त्यांचा अर्थ लावताना माणूस घसरतो. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयाचे चार टप्पे मांडले: बदल लक्षात येणे, त्याचा अर्थ लावणे, कृती करणे, आणि कृती करताना व नंतर तिच्याकडे वळून पाहणे. त्यांचे एक निरीक्षण वॉर्डात पदोपदी पटते: परिचारिकेला काय दिसते हे समोरच्या आकड्यांइतकेच ती रुग्णाला किती ओळखते यावरही ठरते. काल हसून 'सिस्टर, चहा झाला का?' असे विचारणारा माणूस आज भिंतीकडे तोंड करून पडला आहे, हे कालच्या पाळीला असलेल्या परिचारिकेलाच कळते.

अर्थ लावताना पहिला सापळा म्हणजे मनात आलेले पहिले कारण. श्वास वाढला, दुखत असेल. नाडी वाढली, घाबरले असतील. पोट फुगले, गॅस झाला असेल. ही कारणे खरी असू शकतात, म्हणूनच ती इतकी सहज पटतात. यावर उपाय साधा आहे, पण तो सवयीने अंगी बाणवावा लागतो: आपल्या कारणाच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट मुद्दाम शोधायची. दुखण्यामुळे श्वास वाढला असेल तर वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासाने तो खाली यायला हवा. आला नाही, तर कारण चुकले. शिवाय 'यातले सर्वांत वाईट काय असू शकेल?' असे स्वतःला विचारायचे. निदान करणे हे परिचारिकेचे काम नव्हे, हे खरे. पण कोणत्या शक्यतेसाठी थांबता येते आणि कोणत्या शक्यतेसाठी नाही, हे ठरवण्यासाठी ती शक्यता मनात यावी लागते.

मग येतो फोन, आणि बऱ्याचदा सगळे इथे अडते. रात्री दहाचा तोच रुग्ण, आणि परिचारिका म्हणते, "सर, चौदा नंबरला जरा बरं वाटत नाहीये." पलीकडून उत्तर येते, "पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघतो." दोघांपैकी कोणीही निष्काळजी नाही. पलीकडचा निवासी डॉक्टर कदाचित सलग चोवीस तास जागा आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचले ते एवढेच की कोणाला तरी बरे वाटत नाही. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर तातडीचा निरोप देण्याची एक ठरीव रीत होती; अमेरिकेतल्याच एका मोठ्या रुग्णालय-समूहाने ती उचलली आणि 'एसबार' या नावाने ती जगभर पसरली. आत्ता काय घडते आहे, आधीचे काय आहे, मला काय वाटते आणि मला काय हवे आहे, एवढा तिचा क्रम. त्या क्रमाने तोच फोन असा होतो:

"सर, सर्जिकल वॉर्डमधून स्टाफ नर्स बोलते आहे. बेड नंबर चौदाचा स्कोअर संध्याकाळी शून्य होता, आता पाच आहे. श्वास बावीस, मी पूर्ण मिनिट मोजला आहे. आतड्याच्या शस्त्रक्रियेचा आज चौथा दिवस. नाडी एकशे चार, बीपी एकशे बारा, ताप शंभर पॉइंट आठ, पोट संध्याकाळपेक्षा फुगलं आहे आणि कडक लागतं आहे, चार तासांत लघवी ऐंशी एमएल. पोटात संसर्ग सुरू झाला असावा अशी मला शंका आहे. तुम्ही अर्ध्या तासात येऊन बघावं. तोपर्यंत मी काय तयार ठेवू, रक्ताचे नमुने काढू का?"

या फोनला 'सकाळी बघतो' असे उत्तर देणे फार अवघड आहे. शेवटचा भाग, म्हणजे काय हवे आहे ते स्पष्ट मागणे, आपल्याकडे सर्वांत कठीण जातो, कारण लहानपणापासून मोठ्यांना सांगायचे नसते, विचारायचे असते, हेच आपण शिकलेलो असतो. पण 'तुम्ही यावं' हे आदराने आणि ठामपणे म्हणता येते. डॉक्टर आले नाहीत तर पुढे कोण, हे आधीच ठाऊक हवे: हाऊसमन म्हणजे कनिष्ठ निवासी डॉक्टर, त्यांच्यानंतर त्यांच्या वरचे रजिस्ट्रार, त्यानंतर युनिटचे वरिष्ठ, आणि आपल्या बाजूने परिसेविका किंवा त्या रात्रीच्या पर्यवेक्षिका. वरच्या पायरीला फोन करणे ही कोणाची चुगली नसते. ज्या रुग्णालयांत हा क्रम लेखी आणि भिंतीवर लावलेला असतो, तिथे नव्या परिचारिकेला धीर गोळा करावा लागत नाही. ती फक्त कागद वाचते.

औषध देताना घ्यायचे निर्णय वेगळ्या जातीचे असतात, कारण तिथे चूक करणारा हात आपलाच असतो. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी दोन तीव्रतांची मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही दोन: चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. शंभरच्या कुपीतून चाळीसच्या सिरिंजने 'वीस'च्या रेघेपर्यंत औषध ओढले तर आत अर्धा मिलिलिटर येतो, म्हणजे ५० युनिट. रुग्णाला अडीचपट डोस जातो. उलट झाले, तर वीसऐवजी ८ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध दिवसभर चालतो. म्हणून कुपी आणि सिरिंज एकाच वेळी डोळ्यांसमोर धरून दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या परिचारिकेकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यायचा. स्वतंत्रपणे हा शब्द महत्त्वाचा, कारण "वीस आहेत ना गं?" असे विचारले की समोरची हो म्हणते, "किती आहेत सांग" असे विचारले की ती पाहते.

फोनवर घेतलेला डोस लिहून घेऊन तसाच परत वाचून दाखवायचा. इंग्रजीतले 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' खरखरत्या लाइनवर सारखेच ऐकू येतात. 'एक-पाच, पंधरा युनिट' असे म्हटले की शंका उरत नाही.

आणि डोस बरोबर असूनही वेळ चुकीची असू शकते. केसपेपरवर सकाळी सातला इन्सुलिन लिहिले आहे, पण रुग्ण नऊच्या शस्त्रक्रियेसाठी रात्रीपासून उपाशी आहे. लिहिले आहे म्हणून दिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उपाशी आहे म्हणून आपल्याच मनाने टाळले तर टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णात उलटा, म्हणजे साखर फार वाढण्याचा, धोका उभा राहतो, कारण त्याला उपाशीपोटीही थोडे इन्सुलिन लागतेच. इथे सुरक्षित निर्णय म्हणजे साखर तपासायची, हात थांबवायचा आणि डोस देण्याआधी विचारायचे. हात थांबवणे हासुद्धा पूर्ण निर्णय आहे आणि त्याचीही नोंद वेळेसह व्हायला हवी.

एवढे सगळे चाळीस रुग्णांसाठी एकटीने करायचे म्हटले तर फक्त श्वास मोजण्यातच चाळीस मिनिटे जातील, हे मला ठाऊक आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत त्यांना आढळले की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसते. म्हणजे निर्णय किती सुरक्षित होतील, हे परिचारिकेच्या हुशारीइतकेच पाळीवर किती जणी आहेत यावरही ठरते, आणि त्याची जबाबदारी पाळ्या लावणाऱ्यांची आणि पदे भरणाऱ्यांची आहे. तोवर वॉर्डात जे करता येते ते निवडीचे काम: ओव्हर घेतानाच पाच-सहा नावे वेगळी काढायची. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस, प्राणवायूवर असलेले, मॉर्फिनसारख्या औषधावर असलेले, आजच दाखल झालेले, आयसीयूतून नुकतेच आलेले, आणि ज्यांच्याबद्दल जाणाऱ्या पाळीची परिचारिका म्हणाली की 'काही सांगता येत नाही, पण लक्ष ठेव'. यांचा श्वास पूर्ण मिनिट, स्वतः.

या यादीत आणखी एक नाव येते: ज्याच्या नातेवाइकाला काळजी वाटते आहे तो रुग्ण. इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' या नावाने अशी सोय टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, ज्यात रुग्ण किंवा कुटुंबीय स्वतःच दुसऱ्या वैद्यकीय पथकाकडून तातडीची तपासणी मागू शकतात. आपल्याकडे वेगळ्या पथकाची सोय नसली तरी खाटेशेजारी सतरंजी टाकून रात्रभर बसलेली मुलगी बहुतेक रुग्णांना लाभलेली असते. ती म्हणते, "सिस्टर, बाबा आज नेहमीसारखे बोलत नाहीत." हे वाक्य वॉर्डातल्या कोणत्याही यंत्राच्या आधी येऊ शकते, आणि वॉर्डात मदतीला असलेल्या मावशी किंवा वॉर्डबॉय मामा यांनी येऊन सांगितलेले 'चौदा नंबर काही बरोबर दिसत नाही' हेही तसेच. अशा वेळी सुरक्षित उत्तर 'बघते थोड्या वेळाने' हे नसून मनगट धरणे हे आहे.

नोंद लिहिताना 'डॉक्टरांना कळवले' एवढे पुरत नाही. १०.०५ ला स्कोअर ५, श्वास २२, १०.१० ला कोणाला फोन केला, काय सांगितले, उत्तर काय मिळाले, १०.४० ला पुन्हा मोजले, श्वास किती. डॉक्टर किती वाजता आले. सकाळी ओव्हर देताना याच क्रमाने, शक्यतो रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून सांगायचे, म्हणजे येणारी परिचारिका त्याच मिनिटाला आपले घड्याळ पाहून चौदा नंबरचा श्वास स्वतः मोजू शकते.